अमेरिकेतल्या गावाकडच्या शाळांचं बोर्ड: उभं कुठून राहायचं आणि मत कोणी द्यायचं

सांगलीकडच्या एका निवृत्त गुरुजींचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी आणि जावई आयोवा राज्यात एका लहान गावाबाहेर, शेतांच्या मधोमध राहतात. नातवंडं तिथल्या सरकारी शाळेत जातात. मुलगी आता अमेरिकेची नागरिक झाली आहे आणि शाळेच्या बोर्डावर उभी राहा म्हणून शेजारी तिच्या मागे लागलेत. पण चौकशी केली तेव्हा तिला उत्तर मिळालं, "तुमच्या भागाची जागा या खेपेला निघत नाही." गुरुजी विचारतात: शाळेच्या बोर्डाला वॉर्ड कसले? पक्षाचं तिकीट लागतं का? आणि गावाबाहेरच्या, त्यातून परदेशातून आलेल्या बाईला गावातले लोक मतं का देतील?

गुरुजी, दर जनगणनेनंतर अशाच लहान लहान स्कूल डिस्ट्रिक्टांचे निवडणुकीचे नकाशे आखून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. तेव्हा जरा लांबण लागली तरी सांभाळून घ्या.

सोपं आधी सांगतो. आयोवात शाळेच्या बोर्डाला पक्षाचं तिकीट नसतं, मतपत्रिकेवर पक्षाचं नावही नसतं. मानधन नाही. जन्माने नागरिक असण्याची अट फक्त राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांना, त्यामुळे तुमच्या कन्येचं नागरिकत्व नवं आहे म्हणून काही अडत नाही. वय 18 पूर्ण, मतदार होण्याची पात्रता आणि त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणं, एवढं पुरतं. निवडणूक विषम सालच्या नोव्हेंबरात, नगरपालिकेच्या निवडणुकीसोबत होते. मुदत चार वर्षांची. सगळ्या जागा एकदम निघत नाहीत, साधारण निम्म्या एका खेपेला आणि निम्म्या पुढच्या खेपेला. "जागा निघत नाही" असं तिला सांगितलं ते म्हणूनच. कोणी तिला टाळलं असेल असं वाटत नाही.

डिस्ट्रिक्ट म्हटल्यावर आपला जिल्हा डोळ्यासमोर आणू नका. आयोवाएवढ्या एका राज्यात सव्वातीनशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. ग्रामीण डिस्ट्रिक्ट म्हणजे तीन-चार गावं, त्यांच्यामधली शेती, एक हायस्कूल आणि एक-दोन प्राथमिक शाळा. त्यावर पाच किंवा सात जणांचं बोर्ड. हे बोर्ड सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, नेमतं, अंदाजपत्रक मंजूर करतं, घराजमिनीवरचा शाळेचा कर ठरवतं आणि कुठली शाळा चालू ठेवायची, कुठली बंद करायची तेही ठरवतं. हे शेवटचं लक्षात ठेवा. गावाकडच्या बोर्डाच्या निवडणुकीला खरा जोर येतो तो बहुतेक वेळा शाळा बंद करण्यावरूनच.

आता वॉर्डांकडे वळू. तिथे त्यांना डायरेक्टर डिस्ट्रिक्ट म्हणतात, मी आपला प्रभाग म्हणतो. इथे दोन प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. उमेदवार कुठे राहणारा हवा, हा एक प्रश्न. त्याला मतं कोणी द्यायची, हा दुसरा. शाळा-बोर्डावरून झालेली जी भांडणं मी पाहिली, त्यातली बरीचशी या दोहोंची गल्लत झाल्यामुळे सुरू झालेली होती.

आयोवाच्या कायद्यात बोर्ड निवडण्याचे पाच प्रकार दिलेत, पण मुळात ते तीनच. पहिला, ॲट-लार्ज: डिस्ट्रिक्टमध्ये कुठेही राहा, कुठल्याही जागेला उभे राहा, मतं सगळ्या डिस्ट्रिक्टची. दुसरा, प्रभाग पाडायचे, उमेदवार त्या प्रभागात राहणारा हवा, पण मतं मात्र सगळ्या डिस्ट्रिक्टने द्यायची. तिसरा, उमेदवारही प्रभागातला आणि मतदारही फक्त त्याच प्रभागातले. उरलेले दोन या तिन्हींची मिसळण: काही जागा ॲट-लार्ज, काही प्रभागांच्या. तुमच्या कन्येला "तुमच्या भागाची जागा" असं सांगितलं, म्हणजे पहिला प्रकार नक्की नाही. दुसरा की तिसरा, हे तिने आधी विचारून घ्यावं. सगळं तिथे ठरतं. दुसरा असेल तर तिला गावातल्या लोकांकडे मतं मागायला जावं लागेल. तिसरा असेल तर फक्त आसपासच्या शेतावरच्या घरांकडे.

आपल्याकडे ग्रामपंचायतीला नेमकं याच्या उलट आहे, हे तुम्हाला सांगायला नको. गावाच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस कुठल्याही वॉर्डातून उभा राहू शकतो, मत मात्र त्या वॉर्डातलेच लोक देतात. म्हणजे आपण उमेदवाराला मोकळं सोडतो आणि मतदाराला बांधतो. आयोवाच्या दुसऱ्या प्रकारात उमेदवाराला बांधतात आणि मतदाराला मोकळं सोडतात. दोन्हीकडे "वॉर्ड पद्धत" हाच शब्द वापरला की घोळ होणारच.

उमेदवाराला बांधायचं कारण इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत एक लाखाहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट होते, पुष्कळसे एका खोलीच्या शाळेचे. आज तेरा हजारांच्या आसपास उरलेत. बाकीचे एकमेकांत विलीन झाले. आयोवात बीसीएलयूडब्ल्यू नावाचा एक डिस्ट्रिक्ट आहे. बीमन, कॉनराड, लिस्कोम्ब, युनियन आणि व्हिटन या पाच गावांची ती आद्याक्षरं. असाच दुसरा एजीडब्ल्यूएसआर. नावातलं जवळजवळ प्रत्येक अक्षर म्हणजे कधीकाळी आपली स्वतःची शाळा असलेलं एक गाव. विलीनीकरणाच्या वाटाघाटीत लहान गावं दोन गोष्टींवर अडून बसत: नावात आमचं नाव हवं आणि बोर्डावर आमचा माणूस हवा. दुसऱ्या मागणीतून हे राहण्याच्या अटीचे प्रभाग आले. पण मोठ्या गावालाही आपली मतं सोडायची नव्हती. मग तडजोड ठरली: माणूस तुमच्या गावचा, निवडणार आपण सगळे मिळून. कागदावर दोन्ही पक्ष खूश. प्रत्यक्षात मोठ्या गावाला तुमच्यातला कोण पसंत आहे, तो तुमचा प्रतिनिधी होतो. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. बऱ्याच ठिकाणी तो माणूस खरोखर चांगला निघतो. पण शाळा बंद करायचा ठराव आला की त्याची कुचंबणा होते. ज्यांच्या मतांवर तो निवडून आलाय त्यांना त्याच्याच गावची शाळा बंद करायची असते.

शेजारच्या इलिनॉयची तऱ्हा आणखी निराळी आणि मला स्वतःला तीच सगळ्यात मजेशीर वाटते. 1785 च्या कायद्याने अमेरिकेने पश्चिमेकडची जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत मोजली. अशा चौकोनाला काँग्रेशनल टाउनशिप म्हणतात. त्याचे 36 तुकडे, प्रत्येक तुकडा 640 एकरांचा, आणि सोळावा तुकडा शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवलेला. टाउनशिपला कारभार असेलच असं नाही, गाव असेलच असं नाही. तो नुसता मोजणीचा चौकोन. पण सोळाव्या तुकड्यामुळे शाळेचा आणि त्या चौकोनाचा संबंध जुळला तो आजतागायत. इलिनॉयच्या ग्रामीण डिस्ट्रिक्टांत बोर्ड सात जणांचं, निवडणूक विषम सालच्या एप्रिलमध्ये, मतं सगळ्या डिस्ट्रिक्टची. मात्र अनेक डिस्ट्रिक्टांत अट अशी की एका टाउनशिपमधून तीनपेक्षा जास्त सदस्य बोर्डावर नकोत. एकाच टाउनशिपमध्ये लोकसंख्येचा मोठा भाग एकवटला असेल तर आकडे बदलतात, पण गाभा हाच.

यातून काय होतं ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. सातांपैकी चार जागा निघाल्यात. जे तीन सदस्य मुदतीत आहेत त्यातले दोघे गावच्या टाउनशिपमध्ये राहतात. म्हणजे त्या टाउनशिपला आता एकच जागा उरली. सहा उमेदवार आहेत. मतमोजणीत पहिला आणि दुसरा, दोघेही गावचेच. पहिला निवडून आला. दुसऱ्याला तिसऱ्यापेक्षा, चौथ्यापेक्षा, पाचव्यापेक्षाही जास्त मतं आहेत, पण तो घरी. तिसरा, चौथा आणि पाचवा, तिघेही शेताकडचे, बोर्डावर. दुसऱ्या सकाळी गावच्या कॅफेत "निवडणूक चोरली" अशी बोंब. निवडणूक चोरलेली नसते. ज्या टाउनशिपमध्ये आपण झोपतो तिचा नंबर उमेदवाराने अर्ज भरण्याआधी पाहिलेला नसतो. ही अट सार्वमत घेऊन काढून टाकता येते आणि काही डिस्ट्रिक्टांनी ती काढलीही आहे, कारण शेतावरची वस्ती विरळ होत गेली आणि तिकडून उभा राहायला माणूस मिळेना.

मग कोणी म्हणेल, एका टाउनशिपमध्ये दोनशे माणसं आणि दुसरीत तीन हजार, हे "एक माणूस एक मत" तत्त्वात कसं बसतं? बसतं, आणि त्याचं कारणही तेच, दोन वेगळे प्रश्न. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे व्हर्जिनिया बीचचा खटला आला होता. शहर आणि शेजारची ग्रामीण काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) एक झाली होती आणि नगर परिषदेच्या सात जागा सात विभागांना राखल्या होत्या. एका ग्रामीण विभागात 733 माणसं, सर्वात मोठ्या विभागात 29 हजारांवर. न्यायालय म्हणालं, चालेल. कारण मत सगळं शहर देतंय, प्रत्येकाच्या मताचं वजन सारखंच आहे, राहण्याची अट फक्त उमेदवाराला आहे. (पुढे 2021 मध्ये व्हर्जिनिया राज्याने कायदाच बदलला: सदस्य प्रभागाचा असेल तर मतंही प्रभागाचीच हवीत.) पण ज्या क्षणी फक्त प्रभागातले लोक मत देतात, त्या क्षणी लोकसंख्या समान लागते. सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान प्रभागातला एकूण फरक दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा. आयोवात तर नुसत्या राहण्याच्या अटीचे प्रभागही लोकसंख्येच्या हिशेबानेच पाडावे लागतात.

त्या हिशेबाने लहान गावाचं काय होतं ते सांगतो, कारण दर दहा वर्षांनी लोक माझ्यावर चिडतात ते यावरून. समजा डिस्ट्रिक्टची लोकसंख्या 4,000, प्रभाग पाच, म्हणजे प्रत्येकी 800. मोठ्या गावात 2,600 लोक, तीन लहान गावांत 400, 300 आणि 200, बाकीचे 500 शेतांवर विखुरलेले. मोठ्या गावाचे तीन प्रभाग सरळ होतात आणि 200 माणसं उरतात. ती कुठल्या तरी ग्रामीण प्रभागाला जोडावी लागतात. उरलेल्या दोन प्रभागांत तीन गावं आणि सगळी शेती बसवायची. म्हणजे "आमच्या गावचा एक माणूस" हे वचन जमतच नाही, दोन गावांत मिळून एक होतो. विलीनीकरण झालं तेव्हा 400 च्या गावात 800 लोक असतील, तेव्हा ते वचन खरं होतं. गणित तेच राहिलं, माणसं गेली. बैठकीत एखादी आजीबाई उठून म्हणते, "आम्हाला तेव्हा लिहून दिलं होतं." लिहून दिलेलं असतंही, पण जनगणनेपुढे ते टिकत नाही.

नकाशाचं काम कागदावर दिसतं तेवढं कोरडं नसतं. जनगणनेचा सर्वात लहान तुकडा म्हणजे ब्लॉक. गावात तो एका गल्लीचा चौक असतो, बाहेर दोन-चार मैलांच्या खडीच्या रस्त्यांमधलं शेत. पुष्कळ ब्लॉकमध्ये लोकसंख्या शून्य. 2020 च्या जनगणनेत लोकांची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून ब्लॉकच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार केलेला आहे. त्यामुळे कधी घर नसलेल्या ब्लॉकमध्ये माणसं दिसतात, कधी घरं आहेत पण माणूस एकही नाही. प्रभागाची हद्द खडीच्या रस्त्याच्या मधोमध जाते. रस्त्याच्या उत्तरेच्या घरात राहणारा एका प्रभागात, दक्षिणेचा दुसऱ्यात, दोघांची शेतं दोन्हीकडे. जमीन कुठे आहे याला अर्थ नाही. राहतं घर कुठे, ते पाहायचं. आणि निवडून आल्यावर प्रभागाबाहेर घर बदललं तर जागा रिकामी होते, हे तुमच्या कन्येने ध्यानात ठेवावं. जावयांनी पलीकडच्या रस्त्याला नवं घर बघितलं असेल तर आधी नकाशा उघडा.

आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं, याचा नमुना आयोवातच आहे. शाळेचा नाही, नगरपालिकेचा आहे, पण आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ. ॲनामोसा गावात राज्याचा तुरुंग आहे. जनगणना कैद्यांना तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते. त्यामुळे गावच्या एका वॉर्डात साधारण 1,300 कैदी आणि बाहेरची साठेक माणसं. कैद्यांना मत नाही. 2005 मध्ये त्या वॉर्डातून कोणी उभंच राहिलं नाही, आणि एक गृहस्थ मतपत्रिकेवर हाताने लिहिलेल्या दोन मतांवर नगरसेवक झाले. गावाने पुढे वॉर्डच मोडीत काढले.

प्रभाग नकोत, सगळं ॲट-लार्जच असू दे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. शेजारी शेजारी राहणारी माणसं, कशाला भिंती? मोंटाना राज्यातल्या हार्डिन गावाला विचारा. ते ज्या बिग हॉर्न काउंटीत आहे तिथे क्रो आणि नॉर्दर्न शायेन या आदिवासी जमातींची मोठी वस्ती, पण काउंटीच्या आणि शाळेच्या निवडणुका ॲट-लार्ज. मतं वंशाप्रमाणे पडत, गोऱ्यांची मतं एकगठ्ठा, त्यामुळे आदिवासी उमेदवाराला निवडून येणं मुश्किल. 1986 मध्ये संघीय न्यायालयाने ही पद्धत मतदान हक्क कायद्याचा भंग करते असं ठरवलं आणि प्रभाग आले. म्हणजे सरसकट ॲट-लार्जमध्ये 51 टक्क्यांचा गट सगळ्याच्या सगळ्या जागा घेऊ शकतो, 49 वाल्यांच्या हाती काही नाही.

पण प्रभाग पाडले की न्याय झाला, असंही नाही. त्याच मोंटानात वुल्फ पॉइंटच्या हायस्कूल बोर्डाचं 2013 मध्ये प्रकरण झालं. एका भागात 430 माणसं, बहुतेक गोरी, आणि त्यांना तीन सदस्य. दुसऱ्या भागात 4,205 माणसं, बहुतेक आदिवासी, आणि त्यांना पाच. भागून पाहा: इकडे 143 माणसांमागे एक, तिकडे 841 मागे एक. खटला पडल्यावर तडजोडीने फेररचना झाली. युटामधली सान हुआन काउंटी, क्षेत्रफळाने आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा मोठी आणि लोकसंख्या पंधरा हजारांच्या आत, तिथे नाव्हाहो नेशनने (नाव्हाहो आदिवासींचं स्वतःचं सरकार) काउंटीच्या आणि शाळा-बोर्डाच्या प्रभागांवर 2012 मध्ये दावा लावला. शाळेचे प्रभाग तर कैक वर्षं बदललेलेच नव्हते. पुढे दोन्ही घटनाबाह्य ठरले, 2017 च्या डिसेंबरात न्यायालयाने नवे नकाशे लावले आणि 2018 मध्ये त्यावर निवडणुका झाल्या.

तिसरी एक वाट आहे आणि लहान डिस्ट्रिक्टांना ती मला सगळ्यात सोयीची वाटते, जरी माझा धंदा तिने बुडतो. टेक्ससमधल्या बऱ्याच लहान डिस्ट्रिक्टांनी खटल्यांच्या तडजोडीत ती घेतली, आणि 2000 मध्ये अमारिलोसारख्या मोठ्या शहराच्या डिस्ट्रिक्टनेही. तीन जागा असतील तर मतदाराला तीन मतं, आणि तिन्ही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. एक चतुर्थांशाहून थोडे जास्त लोक एकजुटीने राहिले तर त्यांचा एक माणूस नक्की येतो. ना नकाशा, ना जनगणना, ना रस्त्याच्या मधोमध हद्द. महाराष्ट्राला ही पद्धत अनोळखी नाही. 1937 मध्ये मुंबई प्रांताच्या निवडणुकीत राखीव जागा असलेल्या बहुसदस्य मतदारसंघांत मतं अशीच एकवटून देता येत होती आणि बाबासाहेब आंबेडकरांनी तिचा आग्रह धरला होता. आयोवात मात्र ती उपलब्ध नाही.

मत देण्याचा हक्क कोणाला, यावर थोडं. गावाकडे शाळेचा खर्च मुख्यतः जमिनीच्या करावर आणि राज्याच्या अनुदानावर चालतो. शेकडो एकरांचा मालक दुसऱ्या राज्यात राहत असेल तर कर भरतो, पण मत नाही. आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, मूलबाळ नसलेल्या मतदाराला मत आहे. पूर्वी न्यूयॉर्कच्या काही डिस्ट्रिक्टांत मालमत्ता किंवा शाळेत जाणारं मूल असल्याखेरीज शाळेच्या निवडणुकीत मत देता येत नसे. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. गंमत म्हणजे बायकांना मताचा हक्क अमेरिकेत पहिल्यांदा काही ठिकाणी मिळाला तो शाळेच्या दारातून. 1838 मध्ये केंटकीने ग्रामीण डिस्ट्रिक्टांतल्या मालमत्ताधारक विधवांना आणि अविवाहित स्त्रियांना शाळेच्या कारभारापुरतं मत दिलं. देशभर सगळ्या स्त्रियांना घटनेने मत मिळायला त्यानंतर 82 वर्षं लागली.

पक्षाचं म्हणाल तर बहुतेक राज्यांत शाळेचं बोर्ड पक्षाबाहेर आहे, पण वारं फिरतंय. टेनेसीने 2021 मध्ये आणि इंडियानाने 2025 मध्ये उमेदवाराच्या नावापुढे पक्ष लावायला वाट करून दिली. फ्लोरिडात 2024 मध्ये तशा प्रस्तावाला निम्म्याहून जास्त मतं पडली, पण लागणारी साठ टक्के न मिळाल्याने तो पडला.

आता गावातले लोक मत का देतील, हा तुमचा खरा प्रश्न. गुरुजी, ग्रामीण बोर्डाची अडचण बहुधा उलटी असते. उभं राहायला माणूस मिळत नाही. महिन्यातून एक-दोन संध्याकाळी बैठक, पगार नाही, आणि बस उशिरा आली तरी दुकानात लोक तुम्हालाच धरणार. टेक्सस आणि मोंटानात जागांइतकेच उमेदवार असतील तर निवडणूकच रद्द करून त्यांना निवडून आल्याचं जाहीर करता येतं. आयोवात तरीही मतदान होतं, आणि कोणीच अर्ज भरला नसेल तर मतपत्रिकेवरच्या कोऱ्या ओळीवर लोक नाव लिहितात. मोजक्या हस्तलिखित मतांवर माणूस निवडून येतो आणि कधीकधी त्याला हे कळतं ते निवडणुका चालवणाऱ्या काउंटी ऑडिटरच्या ऑफिसातून फोन आल्यावर. नको असेल तर नाही म्हणतो, मग जागा रिकामी राहते.

म्हणून तुमच्या कन्येने मतांची चिंता नंतर करावी. आधी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात जाऊन बोर्डाच्या सेक्रेटरींना भेटावं. या नेमलेल्या कर्मचारी असतात, निवडून आलेल्या नव्हेत, बहुतेक ठिकाणी हिशेबही त्यांच्याकडेच असतो आणि डिस्ट्रिक्टमधलं प्रत्येक घर त्यांना माहीत असतं. त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: आपलं घर कुठल्या प्रभागात, त्या जागेची मुदत कधी संपते, आणि मतं प्रभागाची की सगळ्यांची. काही जागा ॲट-लार्ज आहेत का, हेही विचारावं, कारण तसं असेल तर आपल्या प्रभागाची जागा निघेपर्यंत थांबायची गरजच नाही. अर्ज आणि सह्यांचा कागद त्याच सेक्रेटरींकडे, त्या वर्षीच्या सप्टेंबरात दिलेल्या तारखेला संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा. पुढची निवडणूक 2027 च्या नोव्हेंबरात. सह्या किती लागतात ते डिस्ट्रिक्टच्या आकारावर आहे. सांगतील त्याहून दहा-पंधरा जास्त घ्याव्यात, कारण सही करणारा हद्दीपलीकडचा निघाला की ती सही बाद. डिस्ट्रिक्ट दोन-तीन काउंट्यांत पसरला असेल तर ज्या काउंटीत करपात्र मालमत्तेचा सर्वात मोठा वाटा आहे तिचा ऑडिटर निवडणूक चालवतो. तिने मत आपल्या नेहमीच्या केंद्रावर द्यायचं, पण उमेदवारीच्या कामासाठी कदाचित शेजारच्या काउंटीत जावं लागेल. खर्च हजार डॉलरच्या वर गेला तर राज्याकडे हिशेब द्यावा लागतो. लहान गावात तेवढा होत नाही, घरासमोर रोवायच्या पाट्या आणि थोडी पत्रकं, बस.

आणि 2027 पर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. मुदतीच्या मध्ये कोणी घर बदललं, राजीनामा दिला, तर आयोवात उरलेलं बोर्ड आधी जाहीर सूचना देऊन ती जागा नेमणुकीने भरतं. लोकांना ते पसंत नसेल तर पुरेशा सह्या गोळा करून पोटनिवडणूक मागता येते. प्रभागाची जागा असेल तर नेमलेला माणूस त्याच प्रभागातला हवा, आणि शेतावरच्या प्रभागात अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिने आतापासून बोर्डाच्या बैठकांना जाऊन मागच्या खुर्चीवर बसायला सुरुवात करावी. बैठका सगळ्यांना खुल्या असतात, विषयपत्रिका आदल्या दिवशी लावलेली असते, आणि जागा रिकामी झाली की सुपरिंटेंडंट आधी कोणाचं नाव घेतात तर जो नियमाने बैठकीला येऊन बसतो त्याचं.